नवं कन्सोल आलं त्याच दिवशी घ्यावं का? थांबायचं तर कशासाठी थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे हिंजवडीत नोकरी करतात, राहतात कर्वेनगरला. घरी जुनं पीएस४ आणि बऱ्याच सीड्या आहेत, शिवाय चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेला ४३ इंची फोर-के टीव्ही. पुढच्या पिढीचं प्लेस्टेशन आलं की पहिल्याच दिवशी बुक करायचं म्हणून त्यांनी साठ हजार बाजूला काढून ठेवले आहेत. मित्र म्हणतात, वर्षभर थांब, स्वस्त होईल. दुबईचा मावसभाऊ म्हणतो, भारतात यायच्या आधीच मी आणून देतो. काय करावं?

मी पुण्यात कन्सोल दुरुस्तीचं काम करतो, जोडीला जुनी मशीनं आणि सीड्यांची घेण-देणही चालते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० च्या काळापासून प्रत्येक पिढीची पहिल्या लॉटमधली मशीनं माझ्या टेबलावर उघडली गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो: पहिल्या दिवशी घेऊ नका. मात्र मित्रांनी दिलेलं कारण आता लागू पडत नाही. स्वस्त होईल या आशेवर थांबणार असाल, तर त्या थांबण्यातून फारसं काही हाती लागणार नाही.

पीएस५ चंच उदाहरण घ्या. अमेरिकेत ते १२ नोव्हेंबर २०२० ला आलं, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. डिस्कवाल्या मॉडेलची किंमत होती ₹४९,९९०. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेच मशीन ₹५४,९९० झालं. पुढे २०२३ च्या जुलैमध्ये सोनी कंपनीने साडेसात हजारांची सूट दिली तेव्हा ते ₹४७,४९० ला मिळत होतं. म्हणजे ज्याने जवळपास अडीच वर्षं दम धरला आणि नेमकी ती सूट साधली, त्याचे वाचले अडीच हजार. सूट चुकली त्याला उलट पाच हजार जास्त मोजावे लागले. २०२४ च्या एप्रिलमध्ये सडपातळ मॉडेल आलं, तेही ₹५४,९९० लाच.

आधी असं नव्हतं. पीएस४ अमेरिकेत २०१३ ला ३९९ डॉलरला आलं, २०१५ ला ३४९ झालं आणि २०१६ ला स्लिम मॉडेल २९९ ला मिळू लागलं. तुमचे मित्र बोलतात ते त्या काळाच्या आठवणीवर. तेव्हा चिप बनवण्याची प्रक्रिया दर दोन-तीन वर्षांनी बारीक व्हायची, तेवढ्याच सिलिकॉनमधून जास्त चिपा निघायच्या, खर्च उतरायचा आणि त्यातला काही भाग ग्राहकापर्यंत यायचा. आता प्रक्रिया बारीक होते, पण ती इतकी महाग झाली आहे की बचत तिथेच खर्ची पडते. एक्सबॉक्स सिरीज एक्स अमेरिकेत २०२० ला ४९९ डॉलरला आलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची किंमत ६४९ च्या पुढे गेली. पाच वर्षं जुनं मशीन नवं असतानापेक्षा महाग, हे मी या धंद्यात पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. झपाट्याने किंमत पडल्याचं उदाहरण हवंच तर निन्टेन्डो ३डीएसचं आहे. २०११ च्या मार्चमध्ये २४९ डॉलर, ऑगस्टमध्ये १६९. पण ते विकलं जात नव्हतं म्हणून कंपनीला तसं करावं लागलं, आणि आधी घेतलेल्यांना भरपाई म्हणून वीस जुने गेम फुकट द्यावे लागले. असा योग येईल म्हणून कुणी वाट पाहू नये.

मग थांबायचं कशासाठी? गेमसाठी, आणि मशीन पक्कं होण्यासाठी. यातलं गेमचं कारण मला जास्त मोठं वाटतं.

पीएस५ आलं तेव्हा त्याच्यासाठी म्हणून जाहिरात झालेले मोठे गेम आठवा. स्पायडरमॅन माइल्स मोराल्स पीएस४ वरही आला. होरायझन फॉरबिडन वेस्ट फेब्रुवारी २०२२ ला, ग्रॅन टुरिझ्मो ७ त्यानंतरच्या महिन्यात, गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक नोव्हेंबर २०२२ ला; सगळे पीएस४ वरही. मशीन येऊन दोन वर्षं झाली तरी कंपनीचे स्वतःचे सगळ्यात मोठे गेम जुन्या मशीनवर चालत होते. यामागे साधा हिशोब आहे. पीएस४ जगात ११ कोटींहून जास्त विकलं गेलं. वर्षानुवर्षं शेकडो माणसं राबून जो गेम बनतो, तो पहिल्या वर्षात नवं मशीन घेतलेल्या मोजक्या लोकांपुरता ठेवणं कुणाला परवडणार? पुढच्या पिढीतही हेच होईल असं मला वाटतं, कदाचित जास्तच काळ चालेल, कारण गेम बनायला आता आणखी वेळ लागतो. एक्सबॉक्सकडे तर त्या वेळी लाँचचा मुख्य गेम म्हणून हेलो इन्फिनिट होता, तो पुढे ढकलला आणि आला डिसेंबर २०२१ मध्ये. मशीन घरात, ज्याच्यासाठी घेतलं तो गेम वर्षभराने.

फक्त पीएस५ वरच चालणारं सुरुवातीला काय होतं? डीमन्स सोल्स, एप्रिल २०२१ मध्ये रिटर्नल, जूनमध्ये रॅचेट अँड क्लँकचा नवा भाग. तिन्ही उत्तम. ज्याला डीमन्स सोल्स मनापासून खेळायचा होता त्याने पहिल्या दिवशी घेतलं ते बरोबरच केलं. मशीनमध्येच भरून आलेला ॲस्ट्रोज प्लेरूम हाही फार प्रेमाने बनवलेला छोटा गेम आहे. नव्या कंट्रोलरमध्ये काय आहे हे त्याच्याइतकं चांगलं कुणीच दाखवलं नाही. पण तो काही तासांत संपतो.

तुमच्या बाबतीत तर एक गोष्ट प्रश्नातच दडलेली आहे. तुम्ही पीएस४ वरून थेट पुढच्या पिढीवर उडी मारायचं म्हणताय. मधली अख्खी पिढी तुमची खेळायची राहिली आहे. जीटीए सहासाठी रॉकस्टारने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली, तो पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर येतोय, पीएस४ वर नाही. म्हणजे तुमच्यापुढे नवं घ्यावं की काहीच घेऊ नये, असा पेच मुळातच नाही. आज बाजारात असलेलं, अनेकदा सुधारून झालेलं, ढिगाने गेम असलेलं मशीन घ्यायचं, की अजून न आलेल्या मशीनसाठी पैसे धरून ठेवायचे, एवढंच ठरवायचं आहे. मी तुमच्या जागी असतो तर पीएस५ घेतलं असतं आणि पुढचं मशीन आल्यावर निदान वर्षभर त्याच्याकडे पाहिलंही नसतं. तुमच्या पीएस४ च्या सीड्या त्यावर चालतील, आणि काही तर आधीपेक्षा बऱ्याच चांगल्या. घोस्ट ऑफ त्सुशिमा पीएस५ वर सेकंदाला साठ फ्रेमने पळतो. एकदा तसा खेळलात की फरक सांगावा लागणार नाही.

आता मशीन पक्कं होण्याबद्दल, कारण हे माझं रोजचं काम आहे.

पहिल्या लॉटचं सगळ्यात वाईट उदाहरण एक्सबॉक्स ३६०. नोव्हेंबर २००५ ला अमेरिकेत आलं, २००६ ला भारतात. समोर तीन लाल दिवे लागायचे आणि मशीन बंद. चिप तापायची, गार व्हायची, पुन्हा तापायची. त्या ताणाने चिपखालच्या सोल्डरच्या बारीक गोळ्यांना तडे जायचे. लोक मशीन टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवायचे, ते काही दिवस चालायचं आणि मग कायमचं बंद पडायचं. ते उपाय करून आलेली मशीनं वाचवणं फार कठीण होतं. शेवटी जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च धरला. पुढच्या बोर्डांमध्ये चिपा लहान झाल्या, कमी तापू लागल्या आणि हा आजार हळूहळू गेला.

त्यानंतर इतकं वाईट काही आलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पीएस५ चा पहिला लॉट दणकट होता. तरी कंपनी गुपचूप काय बदलत गेली ते पाहा. पहिलं डिस्कवालं मॉडेल साडेचार किलोचं. २०२१ चं ४.२ किलो, २०२२ चं ३.९. आतला, उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक बदलला, चिप ७ नॅनोमीटरवरून ६ वर आली, वीज कमी खाऊ लागली. साठवण वाढवायची एसएसडीची जागा पहिल्या दिवसापासून होती, पण ती वापरायची सोय अपडेटमधून मिळाली सप्टेंबर २०२१ ला. तोवर ८२५ जीबीपैकी वापरायला मिळणाऱ्या सुमारे ६६७ जीबीत लोक गेम काढत-घालत बसले. टीव्हीशी फ्रेम जुळवून घेणारं व्हीआरआर आलं एप्रिल २०२२ ला. अपडेटमधून येणारं जुन्या ग्राहकालाही मिळतं. बोर्ड मात्र बदलून मिळत नाही. निन्टेन्डो स्विचचं तर यापेक्षा ठळक आहे: २०१७ च्या मॉडेलची बॅटरी अडीच ते साडेसहा तास, ऑगस्ट २०१९ पासून आलेल्या मॉडेलची साडेचार ते नऊ तास, किंमत तीच. थांबलेल्याला फुकटात बराच जास्त खेळ मिळाला.

माझ्याकडे पीएस५ येतात त्यात सगळ्यात जास्त तक्रार टीव्हीची केबल लागते त्या एचडीएमआय पोर्टची. केबल लावलेली असतानाच मशीन ओढलं, घर बदलताना टेम्पोत तसंच टाकलं, की आतल्या पिना वाकतात. दुसरी तक्रार कंट्रोलरच्या स्टिकची, हात न लावता पात्र एका बाजूला चालायला लागतं. त्या स्टिकखाली घासून झिजणारा भाग असतो, तो झिजणारच; पहिल्या लॉटचा आणि त्याचा संबंध नाही. तिसरी, आणि ही पुण्याची खास, धूळ आणि झुरळं. सिंहगड रोड, वाकड, बाणेर, जिथे म्हणून बांधकाम चालू आहे तिथून आलेलं मशीन उघडलं की पंख्यावर सिमेंटसारखा राखाडी थर. आणि पावसाळ्यात झुरळांना कन्सोलइतकी उबदार, कोरडी जागा घरात दुसरी मिळत नाही. पॉवर सप्लायमध्ये शिरून शॉर्ट झालेली मशीनं दर पावसाळ्यात येतात. काचेचं दार असलेल्या शोकेसमध्ये मशीन ठेवू नका, आणि वर्षातून एकदा तरी साफ करून घ्या. पीएस५ मध्ये चिप आणि हीटसिंकमध्ये पेस्टऐवजी द्रव धातू आहे. तो सांडला तर बोर्ड जातो. म्हणून वरच्या प्लेटा काढून धूळ ओढून घेणं घरी करा, त्याच्या आत जाण्याच्या भानगडीत पडू नका. युट्यूबवर दिसतं तितकं ते सोपं नाही.

विजेबद्दलही सांगतो, कारण आपल्याकडे गुरुवारचं शटडाउन आणि वळवाच्या पहिल्या सरीला जाणारी वीज हे दोन्ही ठरलेलं आहे. अपडेट चालू असताना किंवा मशीन रेस्ट मोडमध्ये, म्हणजे पूर्ण बंद न करता झोपवून ठेवलेलं असताना वीज जाणं वाईट. खेळताना कन्सोल साधारण २०० वॅट घेतं, वर टीव्ही. म्हणून कॉम्प्युटरचा छोटा ६०० व्हीएचा यूपीएस काठावरच पुरतो, १००० व्हीएचा घ्या. पाच-दहा मिनिटं मिळाली तरी नीट सेव्ह करून बंद करता येतं.

दुबईच्या मावसभावाचा प्रस्ताव मनापासूनचा असेल, तरी माझं मत नको असंच आहे. भारतात विकलेल्या मशीनलाच भारतातली वर्षाची वॉरंटी मिळते. पहिल्या लॉटचं मशीन घेताना वॉरंटी हीच तर एकमेव ढाल असते, आणि नेमकी तीच तुम्ही सोडून देताय. सीड्या कुठल्याही देशातल्या चालतात, पण डिस्क एका प्रांताची आणि अकाउंट दुसऱ्या प्रांताचं असलं की त्या गेमचे नंतर विकत घ्यायचे जादा भाग जुळत नाहीत. विमानतळावर कस्टमचा प्रश्न वेगळाच. भारतात अधिकृतपणे काही येतच नसेल तर गोष्ट निराळी. निन्टेन्डोची इथे अधिकृत विक्री नाही, त्यामुळे जून २०२५ ला आलेलं स्विच २ घ्यायचं तर बाहेरूनच आणावं लागतं. पीएस५ प्रोचंही तसंच झालं. २०२४ मध्ये ते भारताला मिळालं नाही, कारण त्यातल्या नव्या वाय-फायला लागणारी ६ गिगाहर्ट्झची पट्टी तेव्हा इथे खुली नव्हती. अशा वेळी जोखीम समजून घ्यावी आणि दुरुस्तीचे पैसे आपल्या खिशातून जातील हे धरून चालावं.

इतकं सांगूनही पहिल्या दिवशी घ्यायचंच असेल तर? घ्या. ज्यांच्याकडे कुठलंच चालू कन्सोल नाही, जे रोज खेळतात, ज्यांना हप्त्याची चिंता नाही आणि लाँचच्याच आसपास आपल्याला हवा तो, त्याच मशीनवर चालणारा गेम येतोय, त्यांना मी अडवत नाही. सगळे मित्र एकाच आठवड्यात नव्या गेमबद्दल बोलत असतात, नवीन काहीतरी पहिल्यांदा हातात येतं, त्या आनंदाची किंमत ज्याची त्याने ठरवावी. पण ऑर्डर आणि पैसे या दोन्हींत सावध राहा.

१२ जानेवारी २०२१ ला पीएस५ ची प्री-ऑर्डर सुरू झाली आणि काही मिनिटांत संपली. त्यानंतर बरेच महिने प्रत्येक वेळी तेच. त्या काळात बाजारात छापील किमतीपेक्षा बरंच जास्त मागणारे होते, आणि मशीन हवं तर सोबत दोन गेम आणि हेडफोन घ्यावेच लागतील असं सांगणारेही. एमआरपीपेक्षा जास्त घेणं हा वजनमाप कायद्याखाली गुन्हा आहे. असं कुणी मागितलं तर सरळ निघून या. तपकीर गल्ली असो, कॅम्प असो की मोठ्या साखळीचं शोरूम, मशीनचा सीरियल नंबर टाकलेलं पक्कं जीएसटी बिल मिळत असेल तिथेच घ्या. ‘शॉप वॉरंटी’ म्हणजे दुकानदाराचा शब्द. माणूस चांगला असेल तर तो पाळतोही, पण बोर्ड गेला तर त्याच्याकडे बदली बोर्ड नसतो. पहिल्या लॉटनंतर दुसरा लॉट येतोच. घाई वाटली तरी दसरा-दिवाळीपर्यंत धरा, कंपनीच्या सवलती बहुधा त्याच सुमारास येतात.

साठ हजारांचा हिशोबही पुन्हा मांडा. मशीनमध्येच ५५ गेले असं धरा. नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास जातो. दुसरा कंट्रोलर पीएस५ च्या लाँचलाच ₹५,९९० होता. पैसे देऊन घेतलेला गेम ऑनलाइन खेळायला वर्गणी लागते. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना लागत नाही. यूपीएस धरला नाही अजून. नो कॉस्ट ईएमआयमध्ये रोखीची सूट जाते, प्रोसेसिंगचे पैसे जातात आणि व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, तेवढं बघून घ्या. टीव्ही मात्र बदलू नका. तुमचा फोर-के आहे, टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड चालू करा, बास.

डिस्कवालं की डिजिटल, यात पुण्यात राहणाऱ्याने डिस्कवालंच घ्यावं असं मी ठामपणे म्हणतो. पीएस५ च्या दोन मॉडेलांत लाँचला दहा हजारांचा फरक होता. पाच हजारांची सीडी खेळून झाल्यावर तीन हजारांना गेली तर चार गेममध्ये तो फरक निघाला, आणि इथे सीडी घेणारा-देणारा शोधावा लागत नाही. जुन्या सीड्या तुमच्याकडे आहेतच, डिजिटल मशीनमध्ये त्यांचा काही उपयोग नाही. शंभर जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर उतरायला सव्वादोन तास लागतात, तोही वेग पूर्ण मिळाला तर. डिस्क घातली तरी अपडेट उतरवावा लागतो, पण बराचसा भाग वाचतो.

कुठलंही मशीन घरी आणलंत की खोकं उघडताना व्हिडिओ करा, सीरियल नंबर बिलाशी ताडून पाहा, आणि पहिले दोन-तीन आठवडे भरपूर खेळा. जड गेम सलग काही तास चालवा, डिस्क घालून-काढून बघा, सगळ्या यूएसबी जागा तपासा. बहुतेक निर्मितीदोष याच काळात वर येतात. खोकं आणि आतले साचे वर्षभर टाकू नका, सर्व्हिस सेंटरला पाठवायला लागतात.

आणि तुमचं पीएस४ विकायचं असेल तर आत्ता विका. नवी पिढी जाहीर झाली की सगळेच एकदम विकायला निघतात आणि भाव पडतो. विकण्याआधी सेव्ह केलेला डेटा पेन ड्राइव्हवर काढून घ्या, अकाउंटमधून मशीन डीॲक्टिव्हेट करा, मगच फॅक्टरी रीसेट मारा. हे न करता दिलेल्या मशीनवर जुन्या मालकाचं अकाउंट आणि कार्ड तसंच राहिलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.